आमच्या घरातली प्लास्टिकबंदी

जवाहरनगरला आमच्या फॅक्टरी वसाहतीच्या क्लबात पर्यावरण दिन साजरा झाला, तेव्हा पाहुण्यांसमोर प्लास्टिकच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यामागचा फलकही प्लास्टिकचाच होता. मी टाळ्या वाजवल्या, समोसा खाल्ला आणि घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. दुसऱ्यांच्या ढोंगावर हसणं हा माझा जुना छंद. या वेळी नुसत्या हसण्यावर भागलं नाही. आपल्या क्वार्टरमध्ये यापुढे प्लास्टिक येणार नाही, असं मी जाहीर केलं.

जाहीर मी केलं, राबली ती. तिनं जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, दुधासाठी बरणी घेऊन गवळ्याकडे जायला लागली, ओल्या कचऱ्यासाठी मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणला. मी फॅक्टरीच्या बसमध्ये सहकाऱ्यांना उपदेश करायचो आणि संध्याकाळी येऊन खड्ड्याची पाहणी. आमच्या ओळीतल्या बायका मला पाहिलं की हातातली प्लास्टिकची पिशवी पदराआड घ्यायच्या. मला वाटायचं, हा आदर आहे.

चार वर्षांनी तिला लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण बंद पडलं नाही. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी डायपर वापरायला सांगितलं. तिनं मान हलवून नको म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तत्त्वाला बायकोनं दिलेली साथ वगैरे काहीतरी माझ्या मनात आलं असणार.

तिची धाकटी बहीण कोंढ्याहून सेवेला आली. जुन्या सुती साड्यांची फडकी फाडली. दिवस पावसाचे, फडकी वाळत नव्हती. व्हरांड्यात, खिडकीला, माझ्या पुस्तकांच्या कपाटाला, सगळीकडे ओली फडकी. बहीण तव्यासारखी तापवलेली इस्त्री त्यांच्यावर फिरवत बसायची.

"भाऊजी," एकदा ती म्हणाली, "तुमचा पर्यावरण मीच धुऊन राहिली. तुमी फक्त सांगून राहिले."

मी हसलो. विनोद चांगला होता.

नंतर एका रविवारी दुपारी ड्रेसिंग-इंजेक्शनं करणारी नर्स बीपी बघायला आली. तिनं बायकोला कुशीवर वळवलं आणि थांबली. कमरेखाली, माकडहाडावर, तळहाताएवढी कातडी गेली होती.

"काका, हे केव्हापासून?"

मला माहीत नव्हतं. कचऱ्याचा खड्डा मी रोज बघत होतो.

"म्याच सांगतलं नाही," बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मले ते डायपर जमत नाही."

"खोटी बोलून राहिली," बहिणीला राहवलं नाही. "तासन् तास ओल्यात पडून राहते, आवाज देत नाही. म्या म्हटलं, चल, मीच आणतो डायपर. त म्हणते, एवढं मोठं पाकीट घरात आलं त सारी लाइन भाऊजीले हासन."

नर्सनं जखम साफ केली. बायकोनं उजव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरली होती. मी बाजूला उभा होतो. धरायला मला तिचा दुसरा हात होता, पण त्याला काही कळत नव्हतं.

मेडिकलमधून दोन मोठी पाकिटं घेतली. दुकानदारानं पिशवी विचारली, मी नको म्हटलं. पाकिटं दोन्ही हातांत धरून, क्वार्टरांच्या ओळीसमोरून, भर उजेडात चालत आलो. मला कुणीतरी हसायला हवं होतं. शेजारीण दारात तांदूळ निवडत होती. तिनं पाकिटांकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"वहिनीसाठी काय जी?" ती म्हणाली. "सांगतलं असतं त माझ्याकडची देली असती. सासूची उरली आहेत, आता पडूनच राहतात."

घरी आलो. बहिणीनं तिला कोरडं करून डायपर घातलं. माझ्या बायकोनं डोळे उघडले.

"कोनी पाह्यलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "रस्त्यावर कोणीच नव्हतं."

तिनं डोळे मिटले. जखम भरली नाही. त्यातूनच ताप चढला आणि दिवाळीआधी ती गेली. शेवटपर्यंत तिची खात्री होती, की माझी अब्रू तिनं राखली.