काकाजींची रंगीत गांडुळे

काकाजींनी आयुष्यात एकही जिवंत गांडूळ गळाला टोचले नाही. मासा मात्र ते डोक्यासकट चवीने खात. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले होते. गळाची दोरी बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "मासा खाल्ला तर पोट भरते, गुरुजी. गांडुळानं आपलं काय घेतलं? थे बिचारं लोकायच्या वावरात बिनपगारी काम करते."

काकाजी जऊळक्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. रुळांचे खटके ओढणे आणि येत्या-जात्या गाडीला झेंडी दाखवणे, हे त्यांचे काम. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. मी तेवीस वर्षांचा होतो, जवळच्या एका खेड्यातील शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होतो आणि स्टेशनामागे एक खोली घेऊन राहत होतो. रविवारी सकाळी दारावर थाप पडे, "जयभीम, गुरुजी. पाणी पाह्याले चला," अशी हाक येई आणि आम्ही दोघे रेल्वेपुलाखालच्या डोहाकडे निघत असू. त्या डोहात मरळ मासे होते.

जिवंत गांडूळ वर्ज्य, म्हणून काकाजी स्वतः गांडुळे तयार करत. त्याची रीत सांगण्यासारखी आहे. त्या काळी मऊ प्लास्टिकच्या रंगीत चपला नव्यानेच बाजारात आल्या होत्या. तुटलेल्या चपला ते गावभर फिरून गोळा करत, त्यांचे बारीक तुकडे करत आणि एका चेपलेल्या वाटीत, अंगणातल्या चुलीवर वितळवत. वितळताना गोडेतेलाचे चार थेंब टाकले की प्लास्टिक लवचीक राहते, हा त्यांचा शोध. मग ओल्या चिकणमातीत काडीने चर ओढून त्यात तो रस ओतायचा. थंड झाल्यावर वीतभर लांबीचे, बोटावर वळवळणारे गांडूळ हाती येई. वास मात्र असा सुटे की काकी नाकाला पदर लावून म्हणत, "माह्या भाजीत तेल नाही, अन् ह्यायचे किडे तेल पिऊन राह्यले."

ही गांडुळे एका पत्र्याच्या डब्यात, पुठ्ठ्याचे कप्पे करून, रंगवार ठेवलेली असत. डोहावर पोहोचताच काकाजी डबा उघडत नसत. आधी ते ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरत. पावसाळ्यातले तांबूस पाणी, हिवाळ्यातले नितळ पाणी, उन्हाळ्यातले शेवाळलेले पाणी, अशी त्यांची वर्गवारी होती. त्यानंतर कप्प्यांवरून बोट फिरे आणि एका ठिकाणी थांबे. "मासा रंग नाही पाह्यत, गुरुजी. फरक पाह्यते. पाण्यात मिसळलं त्याले दिसतच नाही, मंग थो तोंड कायले उघडंन?" त्यांचा सगळा सिद्धांत एवढाच होता आणि त्यांची पिशवी क्वचितच रिकामी परत येत असे.

मला शिस्तीची सवय. मी लगेच एक वही सुरू केली. तारीख, पाण्याची स्थिती, आभाळ, गांडुळाचा रंग आणि फळ, असे पाच रकाने आखले. काकाजींना याची फार गंमत वाटे. काकींना ते सांगत, "गुरुजी माशायची हजेरी घेऊन राह्यले. कोणी गैरहजर असंन तर बापाले बलावतीन."

एकदा त्यांनी मला बाजारातून एखादी जुनी लाल चप्पल मिळाली तर आणा म्हणून सांगितले. मी आणली. ती हातात घेऊन ते कितीतरी वेळ हसले. चप्पल हिरवी होती. "लग्न झाल्यावर साडी घ्याले एकटे जाऊ नका," एवढे बोलून त्यांनी ती वाटीत टाकली. घाईत उचलली असेन, असे मी म्हणालो आणि खरोखर तसेच समजलो.

त्याच वर्षी मी रेल्वेच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. सहायक स्टेशनमास्तर व्हावे, हे माझे स्वप्न काकाजींच्याच संगतीत रुजले. लेखी परीक्षा मी उत्तीर्ण झालो. उरली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी. मानोऱ्याकडे आमची कोरडवाहू शेती होती. वडिलांनी गावभर सांगून टाकले होते की, आता मुलाच्या शिट्टीशिवाय गाडी हलणार नाही. शाळेची नेमणूक पक्की करण्याचा अर्जही मी त्यामुळे भरलेला नव्हता. काकाजी तर आत्तापासूनच मला 'साहेब' म्हणून सलाम ठोकत.

तपासणीला तीन आठवडे उरले असताना, एका रविवारी मासे लागेनात. वेळ घालवण्यासाठी काकाजींनी माझी वही मागितली. पाने उलटत ते शेवटच्या पानावर आले. तिथे मी अभिमानाने लिहिले होते : 'निष्कर्ष — तांबूस व शेवाळलेल्या, दोन्ही पाण्यांत तपकिरी गांडूळ सर्वोत्तम.'

ते हसू लागले. मग हसू ओसरले.

"गुरुजी, तपकिरी कोणतं?"

मी डब्यातले शेजारशेजारचे दोन कप्पे दाखवले. दोन्हींत एकच रंग आहे, चपला वितळताना रंग करपून तसा होत असावा, असे मी धरून चाललो होतो.

"हे लाल हाये," काकाजी हळू आवाजात म्हणाले, "अन् हे हिरवं. तपकिरी गांडूळ म्या आजवर ओतलंच नाही."

त्यांनी सगळी गांडुळे एका गोणपाटावर पसरली आणि हिरवी वेगळी काढायला सांगितली. मी काढली. त्यांतली निम्मी त्यांनी परत ठेवली. मग आम्ही स्टेशनावर गेलो. त्यांनी उन्हाने विटलेल्या दोन जुन्या झेंड्या आणल्या. मी दोनदा बरोबर ओळखल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पाठीमागे हातांची अदलाबदल केली आणि मी चुकलो. कोणत्या हातात ते कोणती झेंडी धरतात, हे मला पाठ होते; तोवर मी रंग नव्हे, त्यांचे हात पाहून सांगत होतो. वर्गात फळ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर लिहिणारा विद्यार्थी मला चांगला ठाऊक होता. तो मीच निघालो.

मी हट्टाला पेटलो. "काकाजी, तपासणीत काय दाखवतात ते तुम्हाला माहीत आहे. मला सांगा, मी पाठ करतो. पाठ करणे मला जड नाही."

"पाठ करान, पासबी व्हान," ते म्हणाले. "पण गाडी काय पाठ करून येते, गुरुजी? धुकं असलं, पाऊस असला, समोर एक दिवा हाये. तवा तुमी कोणाचे हात पाह्यसान?" झेंड्या गुंडाळत ते म्हणाले, "तुमाले साहेब म्हनाची मले लई हौस होती. पण त्या गाडीत लोकायचे लेकरं बसतेत."

पुढच्या रविवारी डोहाकडे न जाता ते माझ्यासोबत मानोऱ्याच्या बसमध्ये बसले. वडिलांना सांगण्याचे धैर्य मला होत नव्हते, हे त्यांनी ओळखले होते. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काहून? दोन्ही डोळे तर धड हायेत."

"धडच हायेत," काकाजी म्हणाले. "फक्त रुळाच्या कामाचे नाहीत. फळा काळा, खडू पांढरा. तिथं ह्यायची नजर घारीसारखी हाये."

वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "अन् मास्तरले लाल शाई लागते, तिचं काय?"

"थे माह्याकडे," काकाजी म्हणाले आणि वडिलांना हसू आवरेना. त्या हसण्यातच माझा निकाल लागला. परतल्यावर मी शाळेचा अर्ज भरला. काकाजींनी माझ्या लाल शाईच्या दौतीच्या मानेला दोरा बांधून दिला.

मी पुढे तेहेतीस वर्षे शिकवले. प्रत्येक नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी रंगीत खडू टेबलावर पसरत असे आणि मुलांना एकेक करून रंग ओळखायला लावत असे. दर काही वर्षांनी, बाकीचा वर्ग लाल म्हणत असताना तपकिरी म्हणणारा एखादा माझ्यासारखा निघे. त्याला मी शेजारी बसवून घेई, दोऱ्याची दौत दाखवी आणि त्याच्या वडिलांना निरोप धाडी. बाप घाबरून आला, तर काकाजींचे घारीचे वाक्य माझ्या फार उपयोगी पडे.

माझी पहिली बदली झाली तेव्हा काकाजी सामान चढवायला स्टेशनावर आले होते. गाडी हलण्यापूर्वी त्यांनी खिडकीतून तो पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत सगळी नवी गांडुळे होती आणि प्रत्येकाच्या डोक्याशी खाचा होत्या. साच्यातल्या मातीतच त्यांनी त्या काडीने पाडल्या होत्या : लालला एक, हिरव्याला दोन. "आता बोटानं पाहा," ते म्हणाले, आणि मागे सरून त्यांनी गाडीला झेंडी दाखवली. कोणत्या रंगाची, हे मला पाहावे लागले नाही. गाडी सुटली, त्या अर्थी हिरवीच होती.

काकाजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. डबा माझ्या टेबलावर आहे. हे लिहिताना त्यातले एक गांडूळ मी हातात घेतले आहे. डोक्याशी दोन खाचा लागतात, म्हणजे ते हिरवे आहे. मला ते आजही छान तपकिरी दिसते.