साडेसातच्या बातम्या आणि चहा

काकू जवळजवळ दोन वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर दिसायची, पण तिने स्वतःला टीव्हीवर एकदाही पाहिलं नव्हतं. त्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. जळगावच्या आमच्या भागातल्या केबलवरच्या बातम्या दुपारी टेपवर घेत आणि संध्याकाळी लावत. त्यामुळे बाहेरच्या खोलीत काकू इस्त्रीच्या साडीत हसून बोलत असे आणि आत तीच काकू पदर खोचून दहा-बारा माणसांचा चहा टाकत असे. ही दहा-बारा माणसं तिलाच बघायला आलेली असत.

मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि ज्या गोष्टींचा आज मला राग येतो त्या सगळ्या तेव्हा घरातल्याच वाटायच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या.

सुनंदाकाकू माझ्या धाकट्या काकांची बायको. माहेर धुळ्याचं. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, गणेशोत्सवात निवेदन केलेलं. तिच्या मुलीच्या, मिनीच्या, बालवाडीच्या संमेलनात तिने दोन तास माईक सांभाळला. तिथे शूटिंग करायला आलेले युसुफभाई दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हजर. लग्नाच्या व्हिडिओचं त्यांचं दुकान होतं आणि केबलही तेच चालवत. माझ्या आजोबांना, म्हणजे नानांना, ते म्हणाले, "बातम्यांच्या आधी तुमच्या दुकानाची पाटी रोज दाखवीन, नाना." काकांचं मोटारपंपांचं दुकान होतं. नाना हो म्हणाले. काकूला कुणी विचारलं नाही, पण ती आतून ऐकत होती आणि तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली. करपलेली पोळी तिने स्वतःच्या ताटात घेतली आणि हसत हसत खाल्ली.

महिन्याभरात ती शहराची "बातम्यांच्या ताई" झाली. तिच्याबरोबर भाजीबाजारात जायला मला लाज वाटायची, कारण लोक थांबून बघत. तिला लाज वाटत नसे. एकदा एका भाजीवालीने तिला अडवून विचारलं, "ताई, काल केळीचा भाव इतका पडेल कसा वाचला ओ?"

"मी नुसता वाचते, मावशी. पाडणारे वेगळे असतात."

"मग आज जरा चढा वाचा."

"वाचते. तुम्ही वांगी उतरवा."

बातम्यांत असायचं तरी काय. लोडशेडिंगचं वेळापत्रक, नळाला पाणी कधी, केळीचा भाव, निधन वार्ता आणि शेवटी निवेदनं: हरवले, सापडले, दुकानाचा पत्ता बदलला. हे सगळं ती एकाच शांत, स्वच्छ आवाजात वाचायची. मी तिला विचारलं होतं की निवेदनं वाचताना तुला हसू येत नाही का. ती म्हणाली, "कुणाचं दुकान हललं म्हणून मी का हलू?"

सकाळी पोळ्या लाटता लाटता ती सराव करायची. बातम्यांचा कागद डब्याला टेकवलेला असे आणि त्यावर पिठाची बोटं. मी कॉन्व्हेंटात शिकणारी, मराठी अडखळत वाचणारी. रोज ती माझ्या हातात पेपर द्यायची आणि मोठ्याने वाच म्हणायची. मी वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत माझा आवाज बसलेला असे. "शेवट गिळू नकोस," ती म्हणायची. "माणसं शेवटासाठीच थांबलेली असतात." आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते तिच्यामुळे.

आता नानांविषयी लिहायला हवं. नाना सुनांशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं, आमच्याकडे रीतच तशी होती. सुनांनी सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं असेल तर तिसऱ्या माणसाकरवी सांगायचं. तिसरं माणूस म्हणजे मी. "नाना, काकू विचारतेय, भाकरी कळण्याची करू की ज्वारीची?" नाना दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत, काकूचा प्रश्न त्यांनी ऐकलेला असे. तरी ते माझ्याकडे बघून म्हणत, "तिले सांग, कळण्यानी." मग मी वळून काकूला सांगायची.

आणि साडेसातला टीव्हीवर काकूने नमस्कार म्हटलं की हेच नाना ताठ बसत, दोन्ही हात जोडत आणि मोठ्याने म्हणत, "नमस्कार, बेटा."

पाहुण्यांना हे फार आवडायचं. नानांच्या गावाकडची माणसं तर त्यासाठीच येत. "तुमनी सून शे ना ही? कशी वाचस, बठ्ठं समजस," असं कौतुक कुणी केलं की नाना मिशीवरून बोट फिरवत. थंडीच्या दिवसांत भरिताचा बेत असायचा. काकू दुपारी रेकॉर्डिंग करून यायची, साडी बदलायची आणि वांगी भाजायला बसायची. भरीत, पुऱ्या, त्याआधी चहा. आत तिला स्वतःचा आवाज ऐकू येई आणि त्यावर नानांचं "नमस्कार, बेटा." एकदा ती कढईतून पुरी काढता काढता मला म्हणाली, "बाहेर त्यांची लेक बोलतेय. मग इथे आत कोण उभं आहे, विचार बरं त्यांना."

मी विचारलं नाही. इतर सगळे निरोप मी नेले, तो एक नेला नाही.

काकांना सुरुवातीला मजा वाटली. मग दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली, "तुम्ही ताईंचे मिस्टर ना?" हे दोनदा ऐकायला बरं वाटतं, रोज नाही. काका घरी आल्यावर प्रश्न विचारू लागला. आज कुणाकडे बघून हसलीस? कॅमेऱ्यामागे कोण होतं? निधन वार्ता वाचताना कुंकू एवढं मोठं कशाला? काकू म्हणायची, "कॅमेऱ्यामागे युसुफभाई असतात आणि त्यांच्यामागे त्यांची अम्मी पानाचा डबा घेऊन बसलेली असते. आणखी कोण हवं तुम्हाला?"

दिवाळीनंतर एका सकाळी काकाने तिला मारलं. मी शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. आवाज आला आणि मग घरात कुकरच्या शिट्या तेवढ्या झाल्या. काकूचा वरचा ओठ एका बाजूने सुजला. तरी ती दुपारी गेली. युसुफभाईंनी पुढे मला सांगितलं की त्यांनी तिला म्हटलं होतं, "ताई, आज राहू द्या, कालची टेप लावतो." ती म्हणाली, "कालचा केळीचा भाव लावाल? शेतकरी मला नाही, तुम्हाला शिव्या देतील." आणि खुर्चीवर बसून तिने सगळ्या बातम्या वाचल्या.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत चौदा माणसं होती. मी मोजली, कारण मला टीव्हीकडे बघायचं नव्हतं. सुजलेला ओठ पडद्यावर हातभर दिसत होता. कुणीतरी म्हणालं, "दाढ दुखत असेल ताईंची." काका खुर्चीत चिवडा खात होता. नानांनी हात जोडले. "नमस्कार, बेटा." मग काकू ट्रे घेऊन बाहेर आली. तोच ओठ, तीच बाई. चौदा माणसांनी मान खाली घालून कप उचलले. टीव्हीवर जे ती माणसं डोळे भरून बघत होती, ते समोर आल्यावर एकालाही बघवलं नाही. पंधरावा कप माझा होता. मीही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आईने तिला हळद लावून दिली आणि म्हणाली, "सवय होते." आई थोरली सून. मी विचारलं, "कशाची?" आई म्हणाली, "सगळ्याचीच." मला त्या क्षणी काकापेक्षा आईचा राग जास्त आला. तो अजून गेलेला नाही.

संक्रांतीच्या चार दिवस आधी काकू बाहेरच्या खोलीत तीळ निवडत बसली होती. नाना पलंगावर. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तिले सांग, संक्रांतनंतर जावानं नही."

मी वळले. "काकू, नाना म्हणतात, संक्रांतीनंतर बातम्यांना जायचं नाही."

"ऐकलं मी," काकू म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. "का, ते विचार."

मी नानांकडे वळले. "नाना, काकू विचारतेय, का?"

"का म्हणजे? घर शे ना."

मी पुन्हा वळले आणि सांगितलं, "घर आहे ना." अगदी शुद्ध, स्पष्ट. तिनेच मला शिकवलं होतं आणि मी शेवट गिळला नाही.

काकूने तिळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "बरं," ती म्हणाली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दुपारी निघाली. मिनीला बरोबर घेतलं. रेकॉर्डिंग झालं की मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे, उशीर होईल, असं आईला सांगून गेली. हातात एक पिशवी होती. वाणाचं सामान असेल असं आईला वाटलं.

साडेसात झाले. बाहेर आठ-दहा माणसं. काकांच्या दुकानाची पाटी येऊन गेली, काकूने नमस्कार केला, नानांनी केला. लोडशेडिंग झालं, पाणी झालं, केळी झाली. दोन निधन वार्ता. मग निवेदनं. एक काळी शेळी हरवली होती. एक शिंप्याचं दुकान पुढच्या गल्लीत गेलं होतं. आणि त्याच आवाजात, पापणी न हलवता, तिने पुढचं निवेदन वाचलं.

"पत्ता बदल. या बातम्या वाचणाऱ्या सुनंदा आजपासून धुळ्याला राहायला गेल्या आहेत. त्यांची मुलगी त्यांच्याबरोबर आहे. दोघी सुखरूप आहेत. कुणी शोधाशोध करू नये."

मग तिने कागद खाली ठेवला. तिने कागद खाली ठेवलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

"नाना, सात वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही बोलला नाहीत. इथे मात्र रोज बोलता, म्हणून इथूनच सांगते. मी परत येणार नाही. चहा आज कुणीतरी टाकून घ्या. नमस्कार."

नानांचे हात जोडले गेले. सवयीनेच गेले असतील. काका उठून स्वयंपाकघरात गेला, जणू ती तिथे सापडणार होती. ओटा पुसलेला होता आणि कप ओळीने पालथे घातलेले होते. मग नाना माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तिले सांग..."

आणि थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. "तुम्हीच सांगा," एवढे दोनच शब्द लागत होते आणि मला ते येत होते. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आणि काका युसुफभाईंकडे टेप मागायला गेले. युसुफभाई म्हणाले, "साहेब, पत्ता बदलाचं निवेदन होतं. रोजच असतं. मी कुणाचं अडवत नाही." टेप त्यांनी पुढे ठेवली, पण तिच्यावर दुपारीच नव्या बातम्या घेऊन झाल्या होत्या. काकाला ती टेप तोडायची होती आणि मला ती ठेवायची होती. दोघांनाही मिळाली नाही. बातम्या आता एक नवी मुलगी वाचत होती. मला वाटलं होतं, नाना तिला उत्तर देणार नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी हात जोडले. "नमस्कार, बेटा."

काका दोनदा धुळ्याला जाऊन आला. दोन्ही वेळा काकू दारात उभी राहून त्याच्याशी बोलली आणि दार लावून घेतलं. पुढचं कोर्टात झालं. आमच्या घरात तिचं नाव घेणं बंद पडलं. मी कॉलेजात जाईपर्यंत गप्प राहिले आणि मग एका रविवारी, कुणाला न सांगता, धुळ्याची एस.टी. धरली.

एका शाळेत ती मराठी शिकवत होती. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर मिनीची चित्रं, कोपऱ्यात टीव्ही. मला बघून तिला आनंद झाला, पण तिने मिठी वगैरे मारली नाही. जेवताना तिने एकच विचारलं, "त्या दिवशी माझं झाल्यावर नाना काय म्हणाले?"

"तिले सांग, म्हणाले."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाली, "आणि पुढे?"

"पुढे काही नाही. थांबले."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

तिने मान हलवली आणि ताटं उचलली. मला बरं वाटेल असं ती काहीच बोलली नाही.

संध्याकाळी साडेसातला मिनीने टीव्ही लावला. धुळ्यातल्या केबलवरही काकू बातम्या वाचायची हे मला ठाऊक नव्हतं. मी उठून गॅसकडे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही, पाय तिकडे गेले. "खाली बस," काकू म्हणाली. "साडेसातला या घरात चहा होत नाही." तिने खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि चष्मा लावून स्वतःकडे बघत बसली, जरा कडक नजरेने, एखाद्या विद्यार्थिनीची वही तपासावी तशी.

पडद्यावरच्या काकूने नमस्कार केला. मी त्या काकूकडे बघितलं नाही. खुर्चीतल्या काकूकडे वळले आणि म्हणाले, "काकू, तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझं चुकलं." शेवटपर्यंत, मोठ्याने.

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.