बदली नायिका

ही एकोणीसशे बावीस सालची गोष्ट. सोनगीरचा सुकदेव धुळ्यात एका नाटक कंपनीत पडदा ओढायचा. नायिका करणाऱ्या केशरनाथांची सगळी पदं त्याला ऐकून पाठ झाली होती. ऐन प्रयोगाच्या दिवशी केशरनाथांना ताप भरला आणि मालकांनी सुकदेवला शालू नेसवला. त्याची आई तानुबाई त्याच दिवशी गावच्या बायांना घेऊन नाटकाला आली होती. हा बदल तिला कुणी सांगितला नाही.

पहिलं पद सुरू होताच लोक ओरडले, "हाऊ कोन शे? आमले केशरनाथ जोयजे!" त्या गोंधळात सुकदेवला स्वतःचाही आवाज ऐकू येईना. शेवटी मालकांनी तापातल्या केशरनाथांनाच उभं केलं. त्यांचा गळा बसला होता, तरी टाळ्या पडल्या.

रंग पुसून सुकदेव बाहेर आला. आधी येऊन गेलेल्या नायिकेवर चिडून आई म्हणाली, "पहिले उना तो कोन व्हता रे? बठ्ठा खेळ बिघाडी टाका त्यानी."

"व्हता एक जन," सुकदेव म्हणाला.

कंपनी जळगावला गेली, तेव्हा तो सोबत नव्हता. भुसावळला रेल्वेत तो कोळसा भरू लागला. त्याला गाता येतं, हे तिथे कुणालाच कधी कळलं नाही.