नायकाचं वकीलपत्र

आमच्या चंद्रपूरच्या वाचनकट्ट्यावरची पुस्तकं लायब्ररीत परत जातात. किस्से मात्र कोणी परत घेत नाही, ते घरातच साचतात. यंदा आम्ही फक्त आफ्रिकन कादंबऱ्या वाचतोय. गोरे साहेब येतात, जमीन, देव, भाषा सगळं उलटंपालटं करतात, आणि नायक धड इकडचा राहत नाही की तिकडचा!

कट्ट्याचा नियम रिटायर्ड शिक्षिका रत्नाबाईंचा. नायकाला जो सगळ्यात जास्त शिव्या घालेल, त्यानेच पुढच्या रविवारी त्याची वकिली करायची. त्यामुळे सगळे जपून चिडतात. मी सोडून!

*

सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरचे वासुदेवभाऊ एकदा नायकावर घसरलेच. "कंपनीनं डोंगर नेला म्हणून रडून राह्यला, अन् नोकरी त्याच कंपनीत! आमचाबी डोंगर पोत्यात भरून गेला. मी रडलो का?"

"भाऊ, घर कशाचं बांधलं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"सिमेंटचं!"

वकीलपत्र तिथंच दाखल झालं.

*

मग आला तो नायक, गोरा साहेब चहाला येणार म्हणून स्वतःच्या आईला मागच्या खोलीत बसवणारा. मी उसळले. "निर्लज्ज! शिकून माणूस इतका पोकळ होतो?"

"मेघा, पुढचा रविवार तुझा," रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या.

*

त्याच आठवड्यात पोंभुर्ण्याहून सासूबाई आल्या. आमच्या मिहूचा इंग्लिश शाळेतला इंटरव्ह्यू तोंडावर, आणि आजी-नातीचं दिवसभर "मले दे, तुले देतो"! पोरगी मॅडमसमोर हेच बोलली तर? माझी झोप उडाली. शेवटी म्हटलं, "आई, इंटरव्ह्यूपर्यंत मिहूशी जरा शुद्ध बोलाल?"

"मले नाई जमत वं," त्या म्हणाल्या, आणि बोलणंच बंद केलं. सगळं हातवाऱ्यांनी!

मिहूला हा खेळ इतका आवडला की तीही गप्प. पाणी हवं असलं की अंगठा तोंडाकडे. मी "व्हॉट इज युवर नेम?" विचारलं, तर छातीवर बोट ठेवलं!

*

रविवारी दोघींना घेऊनच कट्ट्यावर गेले. वकिली सुरू केली. "त्याला आईची लाज वाटत नव्हती हो. भीती वाटत होती. पोराची शाळा त्या साहेबाच्या हातात होती..." बोलता बोलता मी सासूबाईंकडे पाहिलं.

"सोडा त्याले," वासुदेवभाऊ म्हणाले. "केस मजबूत हाय."

रत्नाबाई सासूबाईंकडे वळल्या, त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "तुम्ही सांगा बाई. त्या मायच्या जागी तुम्ही असत्या, तर त्याले माफ केलं असतं का?"

सासूबाईंनी आधी मिहूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोलू का वं मी?"