मुंडू आणि पंचा

शेजारचा सुहास केरळला जाऊन आला, तो तिकडची पांढरी लुंगी, म्हणजे मुंडू, नेसूनच. प्रवासाने माणूस बदलतो म्हणतात. निदान कमरेखाली बदलतो, एवढं मी पाहिलं.

मे महिन्यातल्या दुपारी मी त्याच्याकडे गेलो. “अरे, हवा कशी खेळती राहते!” तो मला सांगत होता. “आपण जन्मभर उगाच पँटीत उकडून निघालो.”

त्याचे वडील, अण्णा, खिडकीपाशी पंचा नेसून बसले होते. कुणी आलं की अण्णांनी आतल्या खोलीत जायचं, असा त्या घरचा जुना नियम. पंच्यातलं म्हातारपण चारचौघांत बरं दिसत नाही. मला बघून ते सवयीने उठलेही होते, पण मुलाचं बोलणं ऐकून दारातच थांबले.

“सुहास, माझाही केरळचाच आहे म्हणून सांग की,” ते म्हणाले. “आत फार उकडतं रे.”

 सुहासने अण्णांना पुन्हा खिडकीपाशी आणून बसवलं आणि शेजारी स्वतः बसला. पंख्याखाली दोन्ही पांढरी कापडं सारखीच हलत होती. एकाला फक्त सोनेरी काठ होता.