लाल दोऱ्याची तिकिटं

धुडकूशेठ, सरस्वती हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा "बाईंनी फार वाढवून लिहिलंय" म्हणत मध्येच उठू नका. मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते मला धड जमत नाही; सगळा जन्म पोरांच्या चुका काढण्यात गेला. म्हणून तुमची गोष्ट तिसऱ्याच माणसाची असल्यासारखी सांगते. त्यात मीही नुसती इंदुबाई.

तर धुडकू पारोळ्याकडून सुरतेत आला तो थेट कापडाच्या लूमवर. नऊ वर्षं बमरोलीत धागे जोडले आणि एक्क्याण्णव साली नवागामात पत्र्याचं दुकान टाकलं. मार्केटात नापास ठरलेल्या साड्या गठ्ठ्याने आणायच्या आणि निम्म्या भावात विकायच्या. बाकीचे दुकानदार डाग घडीच्या पोटात लपवत. धुडकू डागावर लाल दोरा बांधी आणि गिऱ्हाइकाला आधी तोच दाखवी. "हाऊ डाग, हाई किंमत. घेवानं ते घ्या." बायका त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

शहाण्णव साली इंदुबाई त्या दुकानात गेल्या. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कारखान्यातल्या माणसांची नाटक मंडळी चालवत होत्या.

"नऊ साड्या हव्यात, एकसारख्या."

"बाई, माझ्याकडे एकसारखे फक्त डाग."

"चालतील. डाग प्रेक्षकांना दिसत नाहीत."

"नाटकाला? मग पैसे नकोत. पण तालीम बघू द्या."

तालमीत राजाचं काम सुकदेव करत होता. हा सुकदेव नऊ वर्षं धुडकूच्या शेजारच्या लूमवर होता. त्या खडखडाटात सगळा कारभार हातवाऱ्यांनी, फार तर "तुटलाऽऽ!" अशी आरोळी. शिफ्ट सुटली की दोघं मुक्यानेच घरी. त्या दिवशी सुकदेव राणीशी हळू आवाजात बोलला आणि धुडकू बाकावरून उठलाच. "हा आवाज होता याच्याकडे?" इंदुबाईंनी त्याला गप्प बसायला सांगितलं. तो बसला, पण त्या दिवसापासून मंडळी त्याची झाली. चहा त्याचा, टेम्पो त्याचा, हॉलचं भाडं त्याचं.

पहिल्या खेळाला त्याने दर साडीमागे एक तिकीट फुकट वाटलं. चारशे तिकिटं गेली, माणसं आली सत्तर. बाकीची तिकिटं घराघरांत देवाच्या फोटोमागे खोचलेली. सुकदेवने मुकुट काढून पेटीत ठेवला. "शेठ, लूमपुढे बोलणं परवडलं. ती निदान हलते तरी. अजून एक खेळ करतो. तोही असाच गेला तर मी सुटलो."

सुकदेव सुटला की मंडळी संपली. त्याच्याशिवाय राजाही नव्हता आणि बाकीच्यांना तालमीला ओढून आणणाराही नव्हता. धुडकूची झोप उडाली. दुसऱ्या खेळाची तिकिटं त्याने निम्म्या दराने गल्ल्यावर ठेवली. आठवडा गेला, विकली गेली अकरा. बायका तिकीट उलटंसुलटं करून बघत आणि परत ठेवत.

शेवटी सरस्वतीनेच नवऱ्याला झापलं. "तुमना दुकानमा सस्तं म्हंजे डाग राहस. आठे तिकिटले दोरा नही. लोके म्हनतस, शेठनी औंदा डाग लपाडा."

धुडकू तसाच सायकल काढून हॉलवर गेला आणि सगळ्या चारशे खुर्च्यांवर एकेकदा बसला. कुठे खांब आडवा येत होता, कुठे पंखा कुरकुरत होता, एका रांगेला मुतारीचा वास. घरी येऊन नवरा-बायको तसल्या खुर्च्यांच्या तिकिटांना लाल दोरे बांधत बसले. इंदुबाईंना कळलं तेव्हा त्या तणतणत दुकानात आल्या.

"शेठ, नाटक म्हणजे काय तुमचा नापास माल आहे?"

"नाटक नाही बाई. खुर्च्या आहेत."

डागी खुर्ची निम्म्या दरात, चांगली पूर्ण दरात. खांबामागच्या खुर्च्या पहिल्या दिवशी संपल्या. खात्री पटल्यावर लोकांनी चांगल्याही उचलल्या. एका आजीबाईंनी मात्र विचारलं, "शेठ, खुर्चीचं समजलं. नाटकात डाग काय?"

"तिसरा अंक लांब आहे. बाईंना सांगितलं, ऐकत नाहीत."

इंदुबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी घरी जाऊन तिसरा अंक अकरा मिनिटांनी कापला. तो आधीच कापायला हवा होता, हे त्या कबूल करतात.

खेळाला खुर्च्या कमी पडल्या. खांबामागची माणसं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून बघत होती आणि राजा बोलायला लागला की पंख्याची कुरकुरही ऐकू येत नव्हती. पडदा पडल्यावर सुकदेवने मुकुट पेटीत ठेवला नाही. डोक्यावर घालूनच टेम्पोत चढला. धुडकूने ते सगळं दारातून पाहिलं, कारण उशिरा आलेल्यांना तो स्वतः जागेवर नेऊन बसवत होता.

पुढे दर दिवाळीनंतर खेळ झाला. तोच राजा, तेच दोरे.

इथे पुन्हा "तुम्ही" म्हणते. शेठ, बासष्टाव्या वर्षी मला परत उपयोगाची केलीत. शाळेने निरोपाचा नारळ दिला होता, तुम्ही भरलेला हॉल दिलात. तेवढंच सांगायचं होतं.

आणि ते कामरेजचं. तिथे नाटकाचे पडदे रंगवणारे म्हातारेबुवा आहेत, मंडळीचा स्वतःचा तापीकाठच्या देखाव्याचा पडदा त्यांच्याकडून रंगवून घेऊ, असं तुम्ही अठ्ठ्याण्णवच्या खेळानंतर म्हणालात. दोघांनी मिळून जायचं ठरलं. रविवारी तुमचा बाजार, इतर दिवशी माझी तालीम. कापड तुम्ही आणून ठेवलंत, माप मी लिहून ठेवलं. कामरेजच्या बसमध्ये अजून आपण दोघंही बसलेलो नाही.