मीठ चाखून घेतलेली बोट

मला पाण्यातलं काही कळत नाही. माझं माहेर रोह्याच्या आतल्या अंगाला, भाताचं आणि वालाचं. नदी शेताच्या खालून जायची, पण तिच्यात आम्ही कपडे धुतले आणि म्हशी धुतल्या, त्यापलीकडे संबंध नाही. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन वरसे गावात आले, ती इथेच आहे.

सून मात्र पेणच्या खाडीकाठची. तिचा बाप मिठागरावर राबायचा आणि घरची एक लहान होडी होती. ती आमच्याकडे आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. लावणीला उभी केली तर हिची ओळ वाकडी. ते मी सगळ्या बायांसमोर बोलून दाखवलं. आता तिचं कौतुक लिहायला बसले आहे, म्हणून आधी माझं तोंड कसं होतं तेही सांगून ठेवते.

माझा मुलगा नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टवर होता. त्याच्या खात्यातलं काम बंद झालं. ठेकेदार म्हणाला, गुजरातला जागा आहे, दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी निघायचं. वर्षातून दोनदा घरी यायला मिळणार होतं. मुलगा जेवायला बसला की भात चिवडत राहायचा. मी म्हटलं, जा. पोट काय रोह्यालाच भरतं असं थोडंच आहे?

सून म्हणाली, "नाय जायाचं. आपन बोट घेऊ."

मला वाटलं मासेमारीची. तिने मोबाइलवर दाखवली ती वेगळीच. मोटारीसारख्या गाद्या, वर कमान. ही बोट हळू चालते आणि मागून जड असते, त्यामुळे तिच्यापाठी लाट उठते. त्या लाटेवर माणूस फळी घेऊन उभा राहतो. दोरी सोडून देतो आणि नुसत्या लाटेवर बोटीमागे येत राहतो. मी म्हटलं, "याला पैसे देतात लोक?"

"देतात, आई. मी बघितलंय."

तिने बघितलं होतं हे खरं. खांबच्या बाजूला नदीकाठी एका रिसॉर्टवर ती चार वर्षं भाकऱ्या करायला जात होती. मुंबईची माणसं पाण्यात पडायला किती लांबून येतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बोट ठेवायची ती तिच्या माहेरच्या धक्क्यावर. परवान्याची कामं तिच्या भावाने अंगावर घेतली, मुलाला त्याने बोट हाकायला शिकवलं. नवी बोट आमच्या सात पिढ्यांना जमली नसती, म्हणून वापरलेली बघायची. पैसे कुठून उभे केले ते आमच्या घरातलं आहे, इथे सांगत नाही.

लोकांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं, साधी बोट घ्या, मागे मशीन टांगलेली, स्वस्त पडते. सुनेने दोन वाक्यांत निकाल लावला. "मानूस बोटीच्या मागंच असतो, पान्यातला पंखा मागं उघडा असला तर त्याचे पाय जातील. पंखा पोटाखाली पायजे."

पहिली बोट खांबला बघायला मिळाली. हायवेपासून आत एका माणसाची शेड होती. बोट लाल, चकचकीत, आरशासारखी. मालकाने मला खुर्ची दिली, चहा दिला, "आजी, पंखा लावू का?" म्हणाला. असा माणूस मला लगेच आवडतो, हा माझा दोष आहे.

"गोड्या पान्यातली बोट हाय," तो म्हणाला. "नदीबाहेर गेलीच नाय. खारं पानी लागलं की मशीन आतून कुजते. हिला थेंब लागला नाय."

सून बोटीखाली पाठीवर आडवी झाली होती. तिचे नुसते पाय दिसत होते. मुलगा खांबासारखा उभा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मालक मला हळूच म्हणाला, "अकरा वाजता पेणची पार्टी येतेय. ते लगेच उचलतील. मला तुमच्यासारख्या घरी द्यायची होती."

आमच्या गावची एक रीत आहे. बैल पसंत पडला की घरच्या मोठ्या बाईने त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं. एकदा लावलं की सौदा झाला. मग बैल लंगडा निघो की मारका, परत पाठवायचा नाही. कुंकवाची डबी माझ्या पिशवीत होतीच. मी उठले आणि त्या लाल बोटीच्या नाकाडावर दोन बोटं कुंकू लावलं. लालावर लाल, नीट दिसलंसुद्धा नाही.

सून खालून बाहेर आली. केसांत माती. तिने कुंकू बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बोटीत चढली, मशीनवरचं झाकण उघडलं आणि आत तळहात ठेवला.

"सकाळी चालू केली होती काय?"

"छे. पंधरा दिवस हात लावला नाय."

"मग गरम कशी?"

मालक म्हणाला, शेडमध्ये उकडतं. सून म्हणाली, "उकडतं ते खरं." मशीन गार असताना पहिल्या झटक्यात कशी उठते यावरून तिची तब्येत कळते आणि आजारी मशीन विकणारा ती आधीच तापवून ठेवतो, हे मला नंतर परतीच्या रिक्षात कळलं.

मग तिने मशीनच्या खालच्या सांदीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोट फिरवून बाहेर काढलं आणि जिभेवर ठेवलं.

मी म्हटलं, "अगो, काय करतेस!"

तिने दुसऱ्या बाजूने पुसलं, परत चाखलं. मग मागच्या शिडीच्या नटाखालून. मिठागरावर बापाच्या मागे फिरलेली पोर ती. कुठल्या वाफ्यातलं मीठ तयार झालं आहे हे लहानपणी जिभेने सांगायची, असं तिची आई मला एकदा म्हणाली होती. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

"नदीचं पानी कधीपासून खारं झालं?" सुनेने विचारलं.

मालक हसला. "तुमचाच घाम असेल, ताई."

"माझा घाम मला ठाऊक हाय. तुमी चाखा." तिने बोट पुढे केलं. त्याने काही चाखलं नाही. मी उठून त्याच सांदीत माझं बोट घातलं आणि चाखलं. खारट. समुद्रासारखं खारट, त्यात तेलाची चव.

आता मालकाचा आवाज बदलला. "हे बघा, आजींनी कुंकू लावलंय. आपल्याकडची रीत तुमाला मी सांगायला नको. सौदा झाला."

माझी मान खाली गेली. रीत मीच केली होती, त्याने नुसती धरली. मुलगा म्हणाला, "आईनं लावलंय म्हणजे..." आणि थांबला. सून त्याला पुढे बोलू देणार नव्हती.

"लावलं ते खरं," ती म्हणाली. "पन पोरीचं दुखनं लपवून लगीन लावलंत, तर ते लगीन कोन मानतो? तुमच्या पोरीला असं कुनी दिलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

तिने पदराने बोटीवरचं कुंकू पुसलं, पदर परत खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "चला, आई." सुनेने सासूचं कुंकू पुसलं. दुसऱ्या कोणी पुसलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिच्या मागून गुमान चालत रिक्षापर्यंत गेले.

आठवडा गेला. दिवाळी जवळ आली होती. मुलाने ठेकेदाराकडून गुजरातच्या कामाचा कागद आणला आणि देवाच्या फळीवर ठेवला. सूनही त्या कागदाला हात लावत नव्हती, पण येताजाता बघायची. तेवढ्यात तिच्या भावाने दुसरी बोट शोधली. पेणच्या पुढे, खाडीलगत एका मुंबईवाल्याचा बंगला होता. शेठला आता बोटीची हौस उरली नव्हती. राखण करायला एक आगरी म्हातारा होता.

ती बोट बघून मी तोंडावर म्हटलं, "ही काय बोट?" रंग उडालेला, गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या, ताडपत्रीवर पक्ष्यांची घाण. म्हातारा तोंडाने रोखठोक. "यी खारीतच, खाडीच्या पान्यातच चालली. खोटं कशाला बोलू? आनि दोन म्हयनं बंद हाय."

सुनेने झाकण उघडलं, मशीनवर हात ठेवला. गार. पाण्याचा पाइप लावून चालू करायला सांगितली. पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदाही खोकली, तिसऱ्यांदा उठली आणि मग जात्यासारखी एकसारखी फिरत राहिली. तिने बंद करायला लावली. मग सांदीत हात. बोट जिभेवर.

परत घातला. परत चाखलं. मला म्हणाली, "आई, तुमी बघा."

मी चाखलं. धुळीची चव. मीठ नाही.

"खाडीतली बोट आनि मीठ कसं नाय?" तिने म्हाताऱ्याला विचारलं.

"दर येलंला धुतो. हिरीचं गोडं पानी, बादल्या भरभरून. मशीनीच्या आतसुदीक फिरवतो. शेठ हसतो मना."

"हसू द्या, काका," सून म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पण तेवढ्यावर बोट घेईल ती कसली. तिने पिशवीतून माझं पोळपाटाचं लाटणं काढलं. सकाळी ते मी घरभर शोधत होते. ती वाकून बोटीच्या अंगावर बोटबोट अंतराने ठोकत गेली आणि कान लावून ऐकत गेली. टण, टण, टण. उजव्या कोपऱ्यात आवाज बसका आला. आतलं लाकूड तिथे नरम झालं होतं. तिने तिथे खडूने गोल केला आणि म्हाताऱ्यालाही दाखवला. मी कुजबुजले, "दाखवतेस कशाला, घासाघीस करताना काढ." ती म्हणाली, "आपल्यापासनं त्यांनी काय लपवलं?" बोटीतल्या पाण्याच्या टाक्या भरून बघितल्या. तीनपैकी एक गळत होती. तीही सांगितली. शेठशी फोनवर बोलताना कोपरा आणि टाकी एवढंच बोलली, गाद्यांबद्दल अक्षर नाही. गाद्या मी शिवीन, असं तिने धरूनच चाललं होतं. शिवल्याही मीच.

भरतीला बोट पाण्यात उतरवली. चालवून बघायला शेठने फोनवर हो म्हटलं होतं. मुलगा चाकावर बसला, तिचा भाऊ शेजारी, मी मधे गादीवर. सुनेने टाक्या भरायला घेतल्या आणि बोट मागून खाली जायला लागली. मी ओरडले, "अगो, बुडतेय, बुडतेय!" भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. "मावशी, टाक्या भरून मागनं बुडाली पायजे, तवाच लाट उठते. तशीच चालते ही."

मग सूनच फळी घेऊन पाण्यात उतरली. ओढणी कमरेला खोचलेली, अंगावर रबरी जाकीट. वय अडतीस. मी म्हटलं, "दुसरं कोणी नाही का?" ती पाण्यातून म्हणाली, "विकत मी घेतेय ना? मग पडायचं कुनी?"

पडलीच. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, पाचव्यांदा. मुलगा वेग धरू शकत नव्हता. लाट उठायची आणि मोडायची. ती पाण्यातून ओरडायची, "वाढवू नका! हाय तेवढाच ठेवा!" तो वेग वाढवायचा, परत सोडायचा. चाकावर आपल्याला जमत नाही असं झालं तर सोमवारी गाडीत बसायचं, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मी त्याच्याकडे बघायचं सोडलं.

सहाव्यांदा मशीनचा आवाज एकसारखा लागला. बोटीच्या डाव्या अंगाला पाण्याची घडी पडली आणि ती उंच होत गेली, स्वच्छ, फेस न येता, शेताच्या बांधाएवढी. सून तिच्यावर उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले. मग तिने दोरी सोडली. दोरी पाण्यावर पडली आणि ती मागून येतच राहिली. तिला काहीही ओढत नव्हतं. मी सत्तर पावसाळे बघितले आहेत, पण असं मी कधी बघितलं नव्हतं. माझा मुलगा मान न वळवता आरशातून तिला बघत होता आणि हात जरासुद्धा हलवत नव्हता.

धक्क्याला लागल्यावर तिचा भाऊ फळी ठेवायला वर गेला, मुलगा उतरला आणि तिथेच उभं राहून त्याने ठेकेदाराला फोन लावला. "माझं नाव काढा," म्हणाला. तिकडून बरंच काही बोलणं झालं असावं. हा म्हणाला, "नाय, विचार झाला."

सून मागे गुडघाभर पाण्यात निथळत उभी होती. तिने ऐकलं. मला वाटलं आता तरी रडेल. ती ओरडली, "अवो, फोन नंतर! दोर बांदला काय?"

बांधला नव्हता. ओहोटी लागली होती आणि बोट मला घेऊन धक्क्यापासून सुटत चालली होती. मुलाने फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि पँट-शर्टासकट खाडीत उडी घेतली.